शिडाची फिरकी

विजयाताई मयेकर मूळच्या अमरावतीच्या. त्यांना पोहता येत नव्हतं. कुठे सहलीला गेलो आणि नावेत बसायची वेळ आली, की त्या काठावर थांबून सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. लखनौच्या हजरतगंज भागात एका बँकेत त्या अधिकारी होत्या. आलमबागच्या रेल्वे कॉलनीत त्यांचं बिऱ्हाड खाली आणि आमचं वर, त्यामुळे पुढे जे झालं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं त्यांनी मला हिवाळ्याच्या दुपारी, गच्चीत मटार सोलताना सांगितलं.

त्यांचे यजमान विश्वासराव मात्र मालवणकडचे. घरचा मासेमारीचा धंदा, शाळेत जायच्या आधी होडीत बसलेले. नोकरी रेल्वेत, इंजिनिअरची. डब्यांची चाकं आणि बेअरिंगं हे त्यांचं काम. समुद्र सुटला तो सुटलाच, पण लखनौला बदली झाल्यावर त्यांनी गोमतीच्या काठावरचा एक लहानसा बोट क्लब शोधून काढला. तिथे कुणा परदेशी इंजिनिअरनं मागे टाकून दिलेली शिडाची जुनी होडी पडली होती. दोन शिडांची, एक मोठं मागे आणि एक पुढे. विश्वासरावांनी ती स्वतः घासली, रंगवली आणि दर रविवारी ते तिच्यातून नदीवर फिरू लागले. नदी अरुंद, वारा लहरी, तरी त्यांना तेवढं पुरायचं. विजयाताई काठावर छत्री घेऊन स्वेटर विणत बसायच्या.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात विश्वासरावांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. काही महिन्यांत काठी घेऊन चालायला लागले, बोलणंही सुधारलं. पण डावा पाय ओढत टाकायचे आणि डाव्या हाताची मूठ पुरती वळत नसे. ऑफिसनं त्यांना टेबलावरचं काम दिलं. ते जायचे, यायचे, जेवायचे आणि खिडकीशी बसून राहायचे. पूर्वी जेवताना सगळ्यांना हसवणारा माणूस विचारल्याशिवाय तोंड उघडेना. मुलगी ऋचा बी.एस्सी.ला होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच. ती म्हणायची, "मम्मी, पापा को कहीं घुमाने ले चलो ना." पण विश्वासराव कुठेच जायला तयार नसत. रिक्षा गोमतीच्या पुलावर आली की ते मान फिरवून दुसऱ्या बाजूच्या गाड्या बघत बसायचे. विजयाताईंनी हे पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर क्लबचे सेक्रेटरी हर्षवर्धन टंडन घरी आले. होडी वर्षभर नुसती पडून होती, शेडमध्ये जागा कमी होती, आणि नैनितालचे कुणी गृहस्थ ती न्यायला तयार होते. टंडनसाहेबांनी फार संकोचानं विचारलं.

"दे दीजिए," विश्वासराव एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बँकेतून परस्पर विजयाताई क्लबावर गेल्या. होडीत पडलेले विश्वासरावांचे कपडे, टोपी, दुर्बीण वगैरे आणायला. होडी ठोकळ्यांवर ठेवलेली होती. सामान काढताना त्यांचं लक्ष होडीच्या अगदी पुढच्या टोकाकडे गेलं. डोलकाठीच्या शेंड्यापासून खाली आलेल्या तारेच्या बुडाशी, डालड्याच्या लहान डब्याएवढी एक धातूची फिरकी बसवलेली होती. धुळीनं आणि तेलकट मळीनं भरलेली.

"यह क्या है, टंडनसाहब?"

"भाभीजी, यह आगे वाला पाल लपेटने के लिए है. पीछे बैठे-बैठे रस्सी खींचो, यह घूमेगी और पाल अपने आप लिपट जाएगा. चटाई की तरह."

"पण हे तर पुढे जाऊन हातानं शीड उतरवायचे," विजयाताई मराठीतच बोलून गेल्या, मग हिंदीत म्हणाल्या.

टंडन हसले. "जाम है न. जब से नाव आई, तब से जाम है. मयेकर साहब कहते थे, मेरे हाथ-पैर चलते हैं, मुझे इसकी क्या ज़रूरत."

विजयाताई मला म्हणाल्या होत्या, "अगं, ते वाक्य ऐकलं आणि मी तिथेच होडीच्या कडेला धरून उभी राहिले." विश्वासराव मागे बसून उजव्या हातानं सुकाणू धरू शकत होते. हलत्या होडीत पुढच्या टोकापर्यंत जाणं तेवढं त्यांना शक्य नव्हतं. आणि ते जाणं टाळायचं यंत्र पहिल्यापासून होडीवरच होतं, फक्त फिरत नव्हतं.

"नाव नहीं देनी," त्यांनी टंडनना सांगितलं. "और यह मुझे खोलकर दीजिए."

टंडननी डोलकाठीला दुसऱ्या एका दोराचा आधार दिला, मग पुढची तार सोडवली आणि फिरकी काढून दिली. विजयाताईंनी ती भाजीच्या पिशवीत घातली आणि रिक्षानं घरी आणली.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी ती ठेवली. विश्वासरावांनी पाहिली. ओळखली. आणि खिडकीशी जाऊन बसले. रविवारी सकाळी विजयाताईंनी हत्यारांची पेटी काढली. फिरकीच्या कडेला स्क्रू होते, ते हलेनात. पेचकस घसरून बोटाला लागला. मग त्यांनी हातोडी घेतली. मी तेव्हा दूध मागायला खाली गेले होते, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

पहिला ठोका पडला तसे विश्वासराव खिडकीशी जागेवर वळले. दुसरा पडल्यावर ओरडले, "हातोडी ठेव!"

"मग उघडायचं कसं?"

"अगं, अॅल्युमिनियम आहे ते. स्टीलचे स्क्रू त्यात आत धरून बसलेत. ठोकलंस तर फुटेल."

"मला काय माहीत? तुम्ही तर काही सांगत नाही."

विश्वासराव काठी टेकत टेबलाशी आले. बसले. उजव्या हातानं फिरकी उचलून कानाशी नेली आणि हलवली. आत काहीतरी खरखरलं.

"तेल सोड स्क्रूंच्या कडेनं. पातळ, मशिनचं. उद्या पुन्हा. घाई केलीस तर डोकी तुटतील."

"म्हणजे उद्याही तुम्ही बसणार ना इथे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी ते टेबलाशी गेले.

आठवडाभर तेल मुरवलं. मग विश्वासरावांच्या सांगण्यावरून विजयाताईंनी उकळत्या पाण्याची किटली फिरकीवर ओतली आणि धातू गरम असतानाच पेचकस लावला. "दाबून धर आणि आधी उलटं नको, थोडं सुलटं फिरव. अडकलेलं आधी हलू दे." पहिला स्क्रू 'कट' आवाज करून सुटला तेव्हा ऋचा आतून धावत आली, काही मोडलं समजून. एकाचं डोकं तुटलंच. तो विश्वासरावांनी वर्कशॉपमध्ये नेऊन ड्रिलनं काढून आणला. झटका आल्यानंतर ते पहिल्यांदाच वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथल्या फिटर लोकांनी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

फिरकी उघडल्यावर आत काळी पेस्ट निघाली. कुणीतरी कधीतरी सायकलच्या छर्‍यांसारख्या साध्या लोखंडी गोळ्या घालून वर भरपूर ग्रीस थापलं होतं. ग्रीसमध्ये नदीची रेती बसली, गोळ्या गंजल्या आणि सगळं एक होऊन गेलं. विजयाताईंनी जुन्या ताटलीत रॉकेल घेऊन दात घासायच्या ब्रशनं ते धुतलं. घरभर वास. ऋचा नाक धरून म्हणाली, "मम्मी, इसी टेबल पर खाना खाएँगे क्या?" त्या दिवसापासून मयेकरांकडे जेवण सतरंजीवर सुरू झालं.

आता नव्या गोळ्या हव्या होत्या, न गंजणाऱ्या. विजयाताई जेवणाच्या सुट्टीत लाटूश रोडला गेल्या. सगळी मोटारींच्या आणि मशिनच्या सुट्या भागांची दुकानं. साडी नेसलेली बाई रुमालात काळी गोळी घेऊन एकेका दुकानात शिरते आहे, हे पाहून लोक चकित व्हायचे. कुणी विचारलं कूलरचं आहे का, कुणी शिलाई मशिनचं. शिडाच्या होडीचं म्हटल्यावर एका दुकानदारानं नोकराकडे पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, स्टेनलेस में इस साइज़ का नहीं आता. लोहे का ले जाइए, कौन देखता है." त्या रिकाम्या हातांनी परतल्या.

संध्याकाळी विश्वासराव बराच वेळ छताकडे पाहत बसले. मग एकदम म्हणाले, "दूध."

"हवंय का?"

"अगं, दुधाच्या मशिनी! डेअरीत रोज सगळं पाण्यानं धुतात, गंज चालतच नाही. त्यांच्या बेअरिंगात स्टेनलेसच असणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तीन-चार फोन केले. डेअरीची मशिनं दुरुस्त करणारे विनीता श्रीवास्तव नावाच्या बाईंचे वडील निघाले. विनीता विजयाताईंच्याच बँकेत काउंटरवर होत्या! त्यांनी एका जुन्या बेअरिंगातल्या गोळ्या डबीत घालून आणून दिल्या. माप जुळलं. विश्वासराव उजव्या हातात चिमटा धरून एकेक गोळी खाचेत ठेवायचे आणि विजयाताई फिरकी तेवढी तेवढी वळवत जायच्या. एक गोळी फ्रिजखाली गेली तेव्हा ऋचानं झोपून मोजपट्टीनं ती काढली. झाकण बसलं. विश्वासरावांनी टिचकी मारली आणि फिरकी टेबलावर गरगरत राहिली. तिघं बघत होती. विश्वासराव हसले, आवाज करून. आम्हाला वर ऐकू आलं.

"ग्रीस?" विजयाताईंनी विचारलं.

"मुळीच नाही. ग्रीस रेती धरून ठेवतं. हिला नुसतं स्वच्छ पाणी दाखवायचं, वरचेवर."

होळीनंतरच्या रविवारी फिरकी जागेवर बसवून होडी पाण्यात उतरवली. विश्वासराव क्लबावर आले, पण होडीत बसायला तयार झाले नाहीत. "आधी तुम्ही बघा," म्हणाले. काठावर खुर्ची टाकून बसले. होडी धक्क्याला बांधलेलीच ठेवून टंडन आत बसले आणि दोरी ओढायला, लाइफ जॅकेट घालून, विजयाताई. टंडननी शीड वर चढवलं, ते भरलं, मग विजयाताईंनी दोरी ओढली. फिरकी फिरली, शीड तारेभोवती निम्मं गुंडाळलं गेलं आणि गच्च अडकलं. त्यांनी जोर लावला. टंडननी लावला. हलेना. आता ते पुढेही जाईना आणि मागेही येईना.

घरी येताना रिक्षात विजयाताई रडल्या. "एवढं सगळं करून ते जामच निघालं."

आता हे पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार, अशी भीती विजयाताईंच्या मनात होती. पण घरी पोचताच विश्वासराव म्हणाले, "फिरकी जाम नाही. मी दुर्बिणीतून पाहत होतो. भानगड वर आहे."

त्यांनी कागद ओढून चित्र काढलं. शिडाचं वरचं टोक ज्या कडीला बांधतात, ती कडी शिडाबरोबर फिरते. तिला वर ओढणारा दोर मात्र फिरता कामा नये. शीड खालून कधीतरी फाटलं असणार आणि कुणीतरी ते कापून आखूड केलं होतं. त्यामुळे कडी डोलकाठीच्या शेंड्यापासून बरीच खाली राहत होती. मधला दोर मोकळा, तारेला लागूनच. शीड फिरलं की तो दोरही तारेभोवती वेटोळे घ्यायचा आणि मग सगळं आवळलं जायचं.

"कडी शेंड्याला भिडायला हवी. म्हणजे दोराला गुंडाळायला जागाच उरणार नाही."

"मग शीड लांब करायचं?"

"शीड कशाला? शीड आणि कडी यांच्यामध्ये तारेचा तुकडा जोडू."

तो तुकडा दोघांनी मिळून केला. स्टीलच्या तारेच्या दोन्ही टोकांना फास करून त्यावर चापे आवळायचे होते. त्याला दोन हात पुरत नाहीत, तीन लागतात. विजयाताई म्हणाल्या, "तुमचे दीड आणि माझे दोन." विश्वासरावांनी तार उजव्या हातानं वाकवली आणि डावं मनगट तिच्यावर टेकवून दाबून धरली. मूठ वळत नव्हती, पण वजन देता येत होतं. विजयाताईंनी पाना फिरवला. तार दोनदा सुटली, एकदा विजयाताईंच्या बांगडीवर आपटून बांगडी फुटली. तिसऱ्यांदा चापा बसला.

पुढच्या रविवारी शीड पूर्ण गुंडाळलं गेलं. विजयाताईंनी दोरी सोडली, उघडलं. ओढली, मिटलं. उघडलं, मिटलं. काठावर टंडन टाळ्या वाजवत होते.

"आता बसा," विजयाताई होडीतून म्हणाल्या.

"अगं, पण दोऱ्या ओढायला कुणीतरी लागेल बरोबर."

"मी आहे ना. खाली उतरायला सांगताय का मला आता?"

टंडन आणि क्लबच्या माळ्यानं धरून विश्वासरावांना मागच्या फळीवर बसवलं. त्यांनी सुकाणूवर हात ठेवला. होडी धक्क्यापासून सुटली. विजयाताईंनी मला सांगितलं की पलीकडच्या काठापर्यंत त्यांनी डोळे उघडले नव्हते. मग वळण घेताना त्यांनी पाहिलं तर विश्वासराव वर शिडाकडे बघत स्वतःशीच मालवणीत काहीतरी पुटपुटत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती भाषा विजयाताईंनी त्यांच्या तोंडून गावाबाहेर ऐकली नव्हती.

मग दर रविवारचा नेम झाला. आणि मे महिन्यात ती आंधी आली.

लखनौला आंधी नवी नाही. पण त्या दुपारी ऊन कडक होतं, वारा पडलेला होता, आणि दोघं क्लबापासून बरीच वर गेली होती. शिडं लोंबत होती. विजयाताईंनी पश्चिमेला पाहिलं तर आभाळ खालून विटकरी झालं होतं.

"अहो, ते काय?"

विश्वासरावांनी मान वळवली. "विजया, पुढचं शीड गुंडाळून घे. आत्ता!"

त्यांनी दोरी धरेपर्यंत पहिला झोत येऊन धडकला. होडी एका अंगावर कलली, पाणी आत आलं, पुढचं शीड तोफेसारखे आवाज करत फडफडायला लागलं. धुळीनं काठ दिसेना. दोरी हातातून सरकत होती.

"नुसती ओढू नकोस! मी वळवतो, शीड सैल पडलं की ओढ!"

त्यांनी सुकाणूवर सगळं अंग टाकलं. होडीचं तोंड वाऱ्याकडे फिरलं, शीड क्षणभर ढिलं झालं.

"आता!"

विजयाताईंनी फळीला पाय लावून ओढलं. फिरकी फिरली. शीड एक वेढा, दोन वेढे, आणि मग सरसरत सगळंच गुंडाळलं गेलं. दोरी खुंटीला बांधली. मागच्या शिडाचा दोर त्यांच्या हाताशीच होता, तो सोडल्याबरोबर ते धप्पकन खाली आलं, अर्धं विश्वासरावांच्या डोक्यावर. होडी सरळ झाली. मग वाऱ्यानंच तिला ढकलत नेऊन पलीकडच्या रेतीत रुतवलं.

तिथे काकडी-खरबुजांची वाडी होती. गवताच्या झोपडीतून एक म्हातारी आणि तिची सून धावत आल्या आणि त्यांनी दोघांना आत घेतलं. बाहेर धूळ आणि मग टपोरा पाऊस. म्हातारीनं विश्वासरावांच्या काठीकडे, ओढत्या पायाकडे पाहिलं आणि विजयाताईंवरच चिडली. "ऐसे आदमी को नदी में लेकर घूमती हो, बिटिया?"

"हम नहीं, अम्मा," विजयाताई धापा टाकत म्हणाल्या, "यही हमको लेकर घूमते हैं."

म्हातारीनं कोवळ्या काकड्या आणि मीठ पुढे ठेवलं. दोघंही भिजलेली, केसांत रेती, विजयाताईंचे तळवे दोरीनं सोललेले. विश्वासरावांनी एक काकडी मोडून अर्धी त्यांच्या हातात दिली.

"भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली ना. तुम्हाला?"

"मला वाटलं, तू दोरी सोडशील."

"मग?"

"मग काय. सोडली नाहीस."

विश्वासरावांचा डावा हात पुढेही फारसा सुधारला नाही, पाय तसाच राहिला. पण खिडकीशी बसणं संपलं. त्यांनी क्लबातल्या इतर होड्यांच्या कप्प्या आणि कड्या घरी आणायला सुरुवात केली, आणि ऋचानं कंटाळून स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून त्यांच्यासाठी व्हरांड्यात वेगळं टेबल करून घेतलं. पोहणं शिकायचं म्हणून विजयाताई वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तलावावर जाऊ लागल्या. पोरीबाळींच्या शेजारी फळी धरून पाय मारायच्या आणि घरी येऊन स्वतःच हसायच्या.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत आमची बदली झाली. निघायच्या आधी मी क्लबावर त्यांचा निरोप घ्यायला गेले. धुकं नुकतंच उठलं होतं आणि कोवळं ऊन पाण्यावर पडलं होतं. होडी नदीच्या मध्यावर होती. सुकाणूवर विजयाताई होत्या, डोक्याला लोकरीचा स्कार्फ बांधून. मी हात हलवला. त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प राहायची खूण केली आणि होडीत खाली दाखवलं. विश्वासराव उशीला टेकून, तोंडावर टोपी घेऊन गाढ झोपले होते.

मी काठावर बसून वाट पाहिली. त्यांनी सावकाश आणखी एक फेरी घेतली.